हर्णैचे सोडे

मी कडीचा डबा बोलतोय. पितळेचा, वजनदार, आणि वयानं तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा. डबा बोलतो म्हटल्यावर माणसं आधी हसतात, मग झाकण उघडून आत कोण बसलंय ते बघायला जातात. माझं झाकण उघडत नाही. तेव्हा तो खटाटोप सोडा आणि गुमान ऐका.

माझा जन्म भुलेश्वरच्या एका तांबटाकडे झाला. तांबट तापट. त्या दिवशी त्याची बायको भांडून माहेरी गेली होती, तिचा राग त्यानं माझ्यावर काढला. माझ्या डाव्या कुशीतला पोचा तेव्हाचा. बाई परत आली की नाही ते मला माहीत नाही. पोचा मात्र गेला नाही.

गिरगावच्या वासंतीबाईंच्या लग्नात मी रुखवतात मांडला गेलो. पोटावर नाव घातलं, ‘सौ. वासंती म. धराधर’. माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच. एवढी अक्षरं येतात, पुढची कुणी शिकवली नाहीत. शिकून तरी काय दिवे लावले असते? वासंतीबाईंचे यजमान मनमोहनराव बी.ए. होते, बँकेत टाय लावून जायचे, आणि नारळ सोलायला शेजाऱ्याला हाक मारायचे.

धराधर म्हणजे मुंबईचे जुने परभू. आज मासळी कुठली आणायची यावर त्या घरात जेवढा खल व्हायचा, तेवढा मुलींच्या स्थळांवर होत नसे. माझ्या पोटात कोलंबी जायची, कोबीचं भानोलं जायचं, परभी संबार मसाल्याचा वास तर माझ्या अंगात असा मुरला की रिकामा असलो तरी मांजरं माझ्याभोवती घुटमळायची. मीही त्यांना खेळवायचो. झाकण जरा सैल सोडायचं आणि मांजरानं नाक घातलं की धाडकन पडायचं. माझ्या झाकणाचं असंच आहे. मनात आलं तर सुटतं, मनात नसलं तर हलत नाही.

पहिल्या बाळंतपणाला वासंतीबाई परळच्या एका इस्पितळात होत्या. सासूबाई रोज माझ्यातून शेपूची भाजी पाठवायच्या आणि वासंतीबाई रोज नाक मुरडायच्या. शेजारच्या खाटेवर लालबागच्या राधाबाई. नवरा गिरणीत साच्यावर विणकर, गाव मालवणकडचं.

“तुम्हाला नको तर इकडे द्या,” राधाबाई म्हणाल्या. “वास बघूनच मला भूक लागली.”

त्यांनी मला चाटूनपुसून रिकामा केला. आणि इथून सगळं लचांड सुरू झालं.

कारण आपल्याकडे एक रीत आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. राधाबाईंनी माझ्यात घरून आलेले हळिवाचे लाडू भरून दिले. आता लाडू दिलेल्या बाईला काहीतरी पाठवायला नको? वासंतीबाईंनी अळूची पातवड पाठवली. पातवड आली म्हणून लालबागहून घावणे गेले. घावणे आले म्हणून गिरगावातून शिरा. दोघींची मुलं शाळेत जायला लागली तरी यांचं भरणं आणि परत करणं काही मिटेना. मी आपला बसमधून गिरगाव-लालबाग, लालबाग-गिरगाव. एकदा मनमोहनराव मला मांडीवर घेऊन निघाले होते, आत कोलंबीचं कालवण, अंगात पांढरी शुभ्र पँट. भायखळ्याच्या वळणावर मी झाकण जरा सैल सोडलं. ते शेवटपर्यंत सांगत की मागच्या माणसानं धक्का दिला.

मग ब्याऐंशीची संक्रांत आली. वासंतीबाईंनी माझ्यात तिळाचे लाडू भरून लालबागला पाठवले. ते लाडू संपताहेत तोच गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले.

राधाबाईंनी मला घासून फळीवर ठेवलं. “पगार झाला की भरून पाठवते,” म्हणाल्या. पगार झाला नाही. होळी गेली, पाडवा गेला. फळीवरची बाकीची भांडी एकेक करून मोडीत गेली. टोप गेला, परात गेली, पाण्याचा हंडा गेला. माझ्यावर दुसरीचं नाव होतं म्हणून मी वाचलो.

तुम्ही म्हणाल, चिमूटभर साखर घालून द्यायचा होता. रीत सांभाळायला तेवढंही चालतं. पण राधाबाईंचा हात मोठा. त्यांच्याकडून चिमूटभर साखर जाणं म्हणजे घरातली सगळी हकीकत गिरगावात वाचून दाखवणं. त्यापेक्षा डबा न पाठवलेला बरा, असं त्यांनी ठरवलं. बायका काय काय ठरवतात आणि डब्यांना काय काय भोगावं लागतं!

एकदा भर दुपारी वासंतीबाई स्वतः आल्या. जिन्यात चपलांचा आवाज ओळखून राधाबाईंनी दाराला कडी घातली आणि मला पोटाशी धरून मोरीच्या आड बसल्या. माझी कडी वाजू नये म्हणून वर हात. मी वाजवणारच होतो, पण त्यांनी कडी अशी घट्ट दाबली की वाजता आलं नाही.

“राधाबाय गावाक गेली,” शेजारणीनं बाहेर ठोकून दिलं.

गॅलरीतल्या दांडीवर राधाबाईंचं नुकतंच धुतलेलं लुगडं ठिबकत होतं. त्या लुगड्याकडे वासंतीबाईंनी पाहिलं असणार, कारण बराच वेळ चपला हलल्या नाहीत. मग जिना उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्या दिवसापासून राधाबाईंना एकच घोर लागला. संपाचं काय व्हायचं ते होईल, पुढारी बघून घेतील. पण वासंतीबाईंपुढे आपण भरलेल्या डब्यानिशी उभं राहायचं, नाहीतर ती माणसं तुटली. मृगाच्या तोंडावर नवरा गावी निघाला तेव्हा त्यांनी मला त्याच्या हातात दिलं.

“आईंकडून भरून आणा. रिकामा आणलात तर तुम्हीही येऊ नका.”

आता या नवऱ्याविषयी, विठोबाविषयी सांगतो. विठोबा म्हणजे जिभेचा माणूस. बोलण्याच्या नव्हे, खाण्याच्या. आचऱ्याला त्यानं आईची शेती लावली, कापली, दसरा केला. आईनं मला काजूगरांनी गच्च भरलं आणि बजावलं, “वाटेत तोंड घालशीत तर बघ, मेल्या.”

एसटीला पैसे नव्हते. विठोबा म्हणाला, समुद्र डाव्या हाताला धरून चालत राहिलं की मुंबई येतेच, चुकायची भीती नाही. आणि खरोखर तो निघाला. माझी कडी काठीत अडकवलेली, काठी खांद्यावर, चपला हातात. गिरणगावात लोक पाण्यात मीठ घालून पेज म्हणून पीत होते आणि मी कोकणचे किनारे बघत चाललो होतो. जगात कुणाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही.

चालणं कसलं, रमणंच ते. ओल्या रेतीवरून सकाळी थोडं चालायचं, ऊन चढलं की सुरूच्या बनात आडवं व्हायचं. खाडी आली की तरीवाल्याशी गप्पा मारून फुकट पलीकडे जायचं. काजूगर “खवट तर नाहीत ना” हे तपासता तपासता देवगडच्या आधीच संपले. शेवटचा गर खाऊन विठोबा माझ्यात डोकावला आणि म्हणाला, “आयला!”

पण कोकणात उपाशी मरायला फार कष्ट लागतात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढत होते. रापणीच्या दोरीला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो गावचा असो नाहीतर गिरणीचा. विठोबानं हात लावला. वाट्याला बांगडे आले. जाळं फाटलं होतं, तेही तो मांडीवर घेऊन बसला. साच्यावर तुटलेला धागा चालता चालता जोडणारी बोटं ती, जाळ्याची भोकं भराभर मिटली. बायकांनी खूश होऊन माझ्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं घातलं. ते वासंतीबाईंकडे पोचणार होतं का? पुढच्या वळणापर्यंतही नाही पोचलं.

मग हीच चाल पडली. जाळं सांधायचं, दोर ओढायचा, जेवायचं, माझ्यात काहीतरी भरून घ्यायचं, “हे मात्र वासंतीताईंना” म्हणायचं आणि पुढच्या किनाऱ्यावर ते खाऊन मला रेतीनं घासायचं. रत्नागिरीच्या अलीकडे फणसपोळी मिळाली. तिला पावसकडे वाटेतच मुंग्या लागल्या, आणि मुंग्यांच्या आधी विठोबा लागला. गुहागरला एका म्हातारीनं कोकमाचं आगळ भरून दिलं. रेतीनं घासून घासून माझी कल्हई केव्हाच गेली होती. पितळेला आंबट लागलं की काय होतं ते तुमच्या आजीला विचारा. आगळ कळकलं, हिरवं पडलं. विठोबानं तरी चाखून पाहिलंच. दाभोळच्या खाडीपर्यंत तो चालत कमी आणि झाडामागे धावत जास्त होता. मला इतकी मजा फार वर्षांत आली नव्हती.

हर्णैला मात्र काम झालं. बंदरावर होड्या लागल्या होत्या, भर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. विठोबानं तिथे मुक्कामच ठोकला. निघताना एका तांडेलाच्या, होडीवरच्या म्होरक्याच्या, बायकोनं माझ्यात नव्या हंगामाचे सोडे भरले. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. परभ्यांच्या घरात सोडे आले म्हणजे सोनं आलं. विठोबालाही कळलं की याहून चांगलं काही माझ्यात पडणार नाही. या वेळी त्यानं तोंड घातलं नाही. बाणकोट, श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, सगळीकडे मला उशाशी घेऊन झोपला. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा जरा आदर वाटायला लागला होता.

किहीमच्या किनाऱ्यावर समोरून एक कुटुंब येताना दिसलं. डोक्यावर गाठोडी, मागे दोन पोरं रेती उडवत. माणूस जवळ आला आणि थबकला.

“विठोबा? तू रे?”

तो दत्तू होता. विठोबाच्याच खात्यात शेजारच्या साच्यावर काम करायचा. खोली सोडून रेवसला लाँचनं उतरला होता आणि बायकापोरांना घेऊन पायीच श्रीवर्धनकडे गावी निघाला होता. गालफडं बसलेली, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. त्यानं विठोबाला वरून खाली न्याहाळलं आणि पोटावर बोट टोचलं.

“गिरणी बंद आणि ढेरी चालू होय रे?”

एरवी विठोबानं याला सवाई उत्तर दिलं असतं. पण दत्तूची पोरं माझ्याकडे बघत होती. मांजरं बघायची तशीच, फक्त घुटमळायचं अवसान नव्हतं. विठोबानं काठी खाली घेतली आणि मला दत्तूच्या बायकोपुढे, शेवंतापुढे ठेवलं.

“वहिनी, तांदूळ आहेत काय गाठोड्यात?”

“मूठभर आहेत.”

“मग चूल मांडा.”

तीन दगडांवर सोड्यांचा भात शिजला. काय तो वास! पोरांनी बोटं चाटली, करवंट्या चाटल्या, धाकट्यानं तर मलाही चाटलं. माझ्यात एक सोडा उरला नाही.

शेवंतानं मला समुद्रावर नेऊन घासलं, खळखळून धुतलं, आणि परत येऊन तशीच उभी राहिली. मला काही पुढे करीना.

“भावोजी, रिकामं भांडं कसं देऊ हो?”

“दे गं,” दत्तू म्हणाला. “विठोबा काय परका आहे?”

“परका असता तर दिलं असतं.”

मग ती तिथेच खाली बसली आणि ओंजळीनं माझ्यात रेती भरायला लागली. चांगली, कोरडी, वरवरची रेती निवडून. पोरांना खेळ वाटला, त्यांनीही मुठी भरभरून घातली. गळ्याशी थोडी जागा ठेवून शेवंतानं झाकण दाबून बसवलं, कडी अडकवली, पदरानं मला कोरडं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. विठोबानं दोन्ही हातांनी घेतलं.

रेवसपर्यंत ती रेती कुठेही ओतून टाकता आली असती. विठोबा थांबलासुद्धा, झाकणाला हात घातला आणि काढून घेतला. भाऊच्या धक्क्यापर्यंत मी लाँचमध्ये त्याच्या मांडीवर होतो.

लालबागला राधाबाईंनी मला उचललं आणि त्यांचा हात खाली गेला.

“काय आणलंत?”

“सोडे.”

“सोडे एवढे जड?”

“हर्णैचे आहेत.”

“आणि हे पोट?”

“तेही तिकडचंच.”

राधाबाईंनी झाकणाला हात घातला. आता सांगतो. खाऱ्या हवेनं ते धरलंच होतं, रेतीचे कणही खाचेत बसले होते. पण खरं कारण असं की मी धरून ठेवलं. जन्मभर मी झाकण सोडून गमती केल्या. म्हटलं, एकदा न सोडून करून बघू, काय होतं ते. राधाबाईंनी एकदाच जोर लावला, विठोबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला खाली ठेवलं. “नको. तिच्याच हातानं उघडू दे,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या फडक्यात बांधून मला गिरगावात नेलं. वासंतीबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या नाहीत.

“आलीस गावाहून?”

“आले.”

“लुगडं वाळलं का?”

राधाबाई उंबऱ्यातच रडायला लागल्या. “रिकामा डबा घेऊन कोणत्या तोंडानं येऊ हो?”

“अगं मग डबा घरी ठेवायचा आणि तू यायचंस!” वासंतीबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की आतून मनमोहनराव पेपर घेऊन धावत आले. “मी काय डब्याची मैत्रीण आहे?”

मी म्हणजे काय कुणीच नाही! पण ते असो.

“सोडे आहेत,” राधाबाई पुटपुटल्या.

सोडे हा शब्द ऐकताच मनमोहनरावांनी पेपर टाकला आणि मला ताब्यात घेतलं. आधी हातानं, मग पक्कडीनं. मग माझ्यावर आधणाचं पाणी ओतलं. मग उंबऱ्यावर आपटलं, माझ्या उजव्या कुशीलाही पोचा आला, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मी हललो नाही. शेवटी त्यांनी मला गुडघ्यांत धरून असा हिसका दिला की मी इकडे आणि ते कोळशाच्या पिंपावर. अंगातली कफनी काळी. माझा आनंद पोटात मावेना, आणि पोटात जागाही नव्हती.

वासंतीबाईंनी मला उचललं. “एवढे जड?”

“हर्णैचे आहेत,” राधाबाई म्हणाल्या, लादीकडे बघत.

वासंतीबाईंनी मला कानाशी नेलं आणि हळूच कलतं केलं. सोडे वाजतात खुळखुळ. माझ्यातून आलं सर्रर्र. जन्मभर चौपाटीवर फिरलेली बाई, तो आवाज तिला नवा नव्हता. तिनं राधाबाईंकडे पाहिलं. राधाबाईंची मान खालीच. खांद्याशी लुगडं दंड घातलेलं, फाटकं जोडून शिवलेलं. मी सगळा जोर झाकणात आणला.

“चांगलेच आहेत,” वासंतीबाई म्हणाल्या. “मुरू देत. घाई काय आहे?”

“अगं पण आज खिचडी—” मनमोहनराव म्हणाले.

“तुम्ही आधी तोंड धुऊन या.”

मला वरच्या फळीवर ठेवलं. आणि स्टीलचा एक डबा काढून त्यात भात, कालवण, काय काय भरून राधाबाईंच्या हातात दिलं. “हा नवा. माझा जुना मी आता कुणाला देणार नाही.”

संप मिटला असं कुणी सांगितलं नाही. विठोबाची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, तिच्या जागी काचेचा टॉवर आला. विठोबा वरळी कोळीवाड्यात जाळी सांधायला जाऊ लागला आणि म्हातारपणी गेला तोवर जात होता. दत्तू-शेवंता पुन्हा मुंबईत दिसले नाहीत. तो स्टीलचा डबा गिरगाव-लालबाग फिरत राहिला. स्टीलला काय कळतंय, पण फिरत राहिला.

मी फळीवर. वर्षं गेली, मनमोहनराव गेले, कल्हईवालेही गेले. राधाबाई यायच्या, खाली बसायच्या, जाताना वर बघून विचारायच्या, “मुरले काय हो सोडे?”

“अजून नाही. हर्णैचे आहेत,” वासंतीबाई म्हणायच्या, आणि दोन्ही म्हाताऱ्या खोकला येईपर्यंत हसायच्या. सून उर्मिला आपली दोघींकडे बघत राहायची.

मागच्या वर्षी वासंतीबाई गेल्या. दिवस झाल्यावर उर्मिलानं मला खाली काढलं, पुसलं आणि टॅक्सीनं लालबागला आणलं. राधाबाईंची चाळ पाडून तिथेही टॉवर झालाय.

“आईंनी सांगून ठेवलं होतं,” उर्मिला म्हणाली, “हा राधामावशींकडे पोचवायचा. म्हणाल्या, भरलेलाच आहे, वेगळं काही घालू नको.”

राधाबाईंनी मला मांडीवर घेतलं. आता त्यांना मी पेलत नाही. झाकणावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

“मावशी, आत आहे काय नक्की? भांडीवाल्याकडून उघडून आणू का?”

“नको गं बाय. सोडे आहेत.”

सध्या मी त्यांच्या खिडकीत आहे. इथून गोदीकडचा समुद्र दिसतो, हवा थोडी खारट येते. म्हातारी दुपारची मला कलतं करून कानाशी धरते, सर्रर्र ऐकते आणि एकटीच हसते. पुढे मी कुणाच्या हाती जाईन ठाऊक नाही. तुमच्याही येईन. तर एवढी विनंती. पक्कड आणू नका, आधण ओतू नका, मी सोडणार नाही, आणि सोडलंच तर घरभर रेती होईल, झाडावी तुम्हालाच लागेल. मला कुठेतरी उंचावर ठेवा. आणि कुणी विचारलं, यात आहे काय एवढं जड, तर सांगा, हर्णैचे सोडे.